चौदा दिवस, अकरा हॉटेलं

लातूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातलं मुख्य तेवढं देते.

नवरा-बायको दोघं नोकरीत. मुलगी दहावीला, मुलगा आठवीला, घरात सासूबाई. अकरावी सुरू झाली की मुलीचा नीटचा क्लास, म्हणजे पुढची दोन वर्षं कुठं हलायचं नाही. म्हणून येत्या मे महिन्यात चौघांनी दोन आठवडे श्रीलंका बघून यायचं ठरलं. घरातला पहिलाच परदेश प्रवास. यजमानांनी एक्सेलमध्ये तक्ता केलाय: अनुराधापुरापासून कोलंबोपर्यंत अख्खं बेट, तेरा रात्री, अकरा हॉटेलं. धाकटे दीर म्हणतात, एवढी उस्तवार कशाला, टूरवाल्यांबरोबर सात दिवसांत उरकून या. सासूबाईंना गुडघ्यांमुळे येता येणार नाही, पण "अशोकवाटिका तेवढी बघून या" म्हणाल्यात. मुलगा क्रिकेटवेडा, त्याने एवढंच विचारलं की हॉटेलात वायफाय आहे का. आणि मुलगी म्हणाली, "तुम्ही जा, मी आजीजवळ राहते." तेव्हापासून बाप-लेकीचा अबोला आहे.

ताई लिहितात: "आम्हाला कुणी कुठं फिरवलं नाही. आम्ही पै-पै साठवून नेतोय तर हिला त्याची किंमत नाही. सुट्टीत नाहीतरी घरी लोळतच असते. दोन जिवलग मैत्रिणी जूनमध्ये कोट्याला चालल्यात, दिवसभर त्यांच्याशी फोन. तिला बळंच न्यावं का? की बेतच रद्द करावा? आणि दोन आठवड्यांत एक देश नीट बघून होतो का?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सोपा आहे. नाही, होत नाही. श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर. आपला मराठवाडा साडेचौसष्ट हजारांच्या घरात. देश म्हणून नाव मोठं वाटलं तरी आहे तो आपल्या आठ जिल्ह्यांएवढाच. आता असं समजा की तुमच्याकडे चौदा दिवसांसाठी पाहुणे आलेत, बरोबर दोन वयात आलेली लेकरं, आणि त्यांनी कागद पुढे केला: वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, पैठण, औंढा, परळी, अंबाजोगाई, खरोसा, तुळजापूर, नळदुर्ग, उदगीर, कंधार, नांदेड, माहूर. तुम्ही कपाळाला हात लावाल. म्हणाल, अहो, चार ठिकाणं धरा, निवांत राहा, एक दिवस आमच्या शेतात जेवायला या. तेच मी तुमच्या यजमानांना म्हणते.

त्यांची चूक एवढीच झाली की त्यांनी नकाशा पाहिला, घड्याळ पाहिलं नाही. सिगिरिया ते कँडी नव्वद किलोमीटर. लातूर-अंबाजोगाईच्या हिशेबाने आपण दीड तास धरतो. तिकडे द्रुतगती मार्ग सोडला तर तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही. गावातून जाणारे दुपदरी रस्ते, समोरून सुसाट येणाऱ्या लाल बसगाड्या, डोंगरात वळणं. नव्वदला अडीच-तीन तास लागतात.

आणि चौदा दिवस तरी कुठे चौदा आहेत? तुम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, रस्त्याने साधारण ३०० किलोमीटर. विमान तिथून घेतलंत तरी जायचा एक दिवस, यायचा एक दिवस आणि दोन्हीकडची दमणूक आहेच. श्रीलंकेत झोपायच्या रात्री उरतात अकरा. त्यातही ज्या दिवशी हॉटेल बदलतं तो दिवस अर्धाच मिळतो. सकाळी बॅगा, नाश्ता, चार्जर राहिला म्हणून परत वर. दुपारी नव्या ठिकाणी खोली तयार नाही म्हणून सोफ्यावर बसकण. अकरा हॉटेलं म्हणजे हे दहा वेळा. माझा हिशेब साधा आहे: मुलांबरोबर दोन आठवडे असतील तर चार मुक्काम, फार तर पाच.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझी लेक पंधराची, लग्नाच्या कितीतरी आधीची, म्हणजे निव्वळ आमची असताना आम्ही राजस्थान केलं होतं. दहा दिवस, सात शहरं, भाड्याची सुमो, पुढच्या सीटवर माझे मोठे दीर. सहाव्या दिवशी चित्तोडगडावर पोरगी गाडीतून उतरेचना. मी पार्किंगमध्ये, चार लोकांदेखत, तिला नाही नाही ते बोलले. पद्मिनीचा महाल आम्ही तिला गाडीत सोडून बघून आलो, रागारागातच. रात्री उदयपूरला कळलं की तिला पाळी आली होती, पॅड सुटकेसमध्ये, सुटकेस गाडीच्या टपावर दोरीने बांधलेली, आणि काकांसमोर सांगायचं कसं. सकाळपासून सात तास ती तशीच बसली होती. मी तिला हट्टी म्हणून मोकळी झाले होते.

म्हणून तुमच्या लेकीच्या "मी आजीजवळ राहते" कडे मी जरा थांबून बघितलं. तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. दोन जिवलग मैत्रिणी जूनमध्ये कोट्याला चालल्यात. म्हणजे तिच्या हातात मे महिना आहे, आणि त्यातले निम्मे दिवस तुम्ही न विचारता घेतलेत. तिला श्रीलंका नको असेलच असं नाही. कदाचित ती हिशेब करतेय. तुमच्या यजमानांसारखाच, फक्त एक्सेलमध्ये नाही.

"किंमत नाही" हेही जरा बाजूला ठेवा. आपल्याला कुणी फिरवलं नाही ही आपली खंत आहे, तिची नाही. ती आपण तिच्यावर उसनी दिल्यासारखी ठेवली तर लेक ती फेडणार कशी?

आता तुम्ही म्हणाल, मग करू काय. बळंच नेऊ नका. सोळा वर्षांच्या मुलीला विमानात बसवता येतं, पण तेरा रात्रींचा तोंड फुगवलेला फोटो अल्बमभर येतो. बेत रद्दही करू नका. धाकट्याने काय घोडं मारलंय? मधला रस्ता तारखांमध्ये आहे. मुलाची परीक्षा एप्रिलच्या शेवटी संपेल. लगेच, मे उजाडताच निघा आणि पंधरा-सोळा तारखेला परत या. उरलेला मे तिचा. तिने मैत्रिणींबरोबर काय करायचं ते करावं, तुम्ही "लोळतेस" म्हणायचं नाही. चौदाचे बारा दिवस झाले तरी काही बिघडत नाही, एक मुक्काम गाळा. हे सगळं तिच्यासमोर ठेवून पुन्हा एकदा विचारा, आणि यावेळी वडिलांनी विचारावं. एवढं करूनही नाही म्हणाली तर? मी असते तर तिला आजीजवळ ठेवून तिघं गेले असते, टोमणा न मारता. घरी मोठं माणूस आहे. तिच्या आजीला सोबत मिळेल, आणि सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय निभावून न्यायची तिलाही सवय लागेल.

मेचा पहिला पंधरवडा धरण्यामागे दुसरं कारण पावसाचं आहे. या बेटावर पाऊस दोन बाजूंनी येतो. नैऋत्य मोसमी वारे साधारण मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत दक्षिण आणि पश्चिम किनारा धुऊन काढतात. ईशान्येचा पाऊस डिसेंबरच्या आगेमागे सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत उत्तर-पूर्वेकडे असतो. जाहिरातीत दिसणारा मिरिस्साचा निळा समुद्र आणि देवमासे हे नोव्हेंबर ते एप्रिलचं काम. आपल्या शाळांची सुट्टी त्यात बसत नाही. दिवाळीत जावं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळपास सगळीकडेच दुपारनंतर कोसळतो. मे महिन्यात समुद्र शांत असतो तो पूर्वेला, त्रिंकोमालीकडे. यजमानांच्या तक्त्यात याला राष्ट्रीय उद्यान, मिरिस्सा, बेंटोटा अशी किनाऱ्याकिनाऱ्याने पाच रात्रींची ओळ आहे. ती आधी खोडा.

मग मला दोन वाटा दिसतात. दोन्हींची सुरुवात सारखीच: विमानतळावरून थेट सिगिरियाच्या परिसरात तीन रात्री. विमानतळ काटुनायकेला आहे, कोलंबोच्या बाहेर उत्तरेला, त्यामुळे शहरात शिरायची गरजच नाही. तिथून पहिली वाट पूर्वेची: त्रिंकोमाली तीन रात्री, कँडी दोन, एल्ला दोन, आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला. दुसरी वाट दक्षिणेची: सिगिरियाहून कँडी दोन, एल्ला तीन, उडावलवेमार्गे गॉल तीन, आणि गॉलहून द्रुतगती मार्गाने परत. पहिलीत पोहायला समुद्र आहे. दुसरीत समुद्र खवळलेला असेल, भिजायची तयारी हवी, पण गॉलचा किल्ला भिजतही बघता येतो. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये सुरू केलेला, डचांनी वाढवलेला, आत अजून नांदतं गाव असलेला. आणि त्याच्या तटाखालीच कसोटीचं मैदान. २०१० च्या जुलैमध्ये मुरलीधरनने आपला ८०० वा बळी तिथेच घेतला, तोही आपल्याच प्रग्यान ओझाचा. हे तुमच्या धाकट्याला सांगायला जाऊ नका, त्याला तुमच्याआधी माहीत असेल. त्याला फक्त विचारा, तटावर उभं राहून ते मैदान बघायचंय का.

यातली कुठली वाट हे मुलांना ठरवू द्या. खरोखर ठरवू द्या. आपण "तुम्हाला काय वाटतं" असं विचारतो आणि बुकिंग आधीच झालेलं असतं; लेकरांना ते पहिल्या मिनिटाला कळतं. दोघांचं जमेना तर भांडू द्या. बहिणीशी भांडून मिळवलेला समुद्र जास्त आवडतो.

काय सोडायचं ते तुम्ही ठरवा, कारण ते मोठ्यांचं काम आहे. मी अनुराधापुर सोडेन. थोर जागा आहे, पण उन्हात अनवाणी स्तूपांभोवती फिरायला आठवीतला मुलगा फार तर तासभर टिकेल. कोलंबोही सोडेन. पोलोन्नारुवा मात्र ठेवेन, सिगिरियाहून एका दिवसात होऊन जातं, आणि त्याचं कारण लातूरकरांसाठी खास आहे. तिथे बाराव्या शतकात पराक्रमबाहू नावाच्या राजाने एवढा मोठा तलाव बांधला की त्याला पराक्रम समुद्र म्हणतात. पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाऊ द्यायचा नाही, असं त्याचं धोरण होतं म्हणतात. त्या भागाला ते लोक कोरडा प्रदेशच म्हणतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा तुमची लेक पाच-सहा वर्षांची असेल. टँकरपुढे घागरी लावलेल्या तिला आठवत असतील. त्या तलावाच्या बांधावर संध्याकाळी बसायला गाईड लागत नाही.

सिगिरियाचंही तसंच. काश्यप राजाने पाचव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ दोनशे मीटर उंच उभ्या कातळावर राजवाडा बांधला. हजारावर पायऱ्या, मध्ये सिंहाचे दोन प्रचंड पंजे, आणि अर्ध्या वाटेवर कातळाच्या पोटात रंगवलेल्या बायका. त्या बघताना अजिंठा आठवतोच. शतकही एकच. म्हणून माझी एक सूचना: जायच्या आधी, परीक्षा संपली की एक मुक्काम संभाजीनगरला करून अजिंठ्याला जाऊन या. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं पाहा. १७ क्रमांकाच्या लेण्यात एक मोठी भिंत आहे, तिच्यावर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवलीय: तो समुद्रापलीकडच्या बेटावर जातो, जहाज फुटतं, राक्षसिणी भेटतात, शेवटी हत्ती-घोडे होड्यांत घालून तो ते बेट जिंकतो. ते बेट म्हणजे तुम्ही निघालात तेच. आपल्या घराजवळच्या भिंतीवर दीड हजार वर्षांपूर्वी श्रीलंकेची सहल काढून ठेवलीय म्हणा ना. शिवाय ही रंगीत तालीम होईल. कोण किती चालतं, कुणाला घाटात मळमळतं, कोण आंघोळीला तास लावतं, हे दोन दिवसांत कळतं आणि स्वस्तात कळतं.

आता वयाबद्दल थोडं. या वयात झोपेचं मेलाटोनिन शरीरात रात्री उशिरा तयार व्हायला लागतं. दहाला झोप आणि पाचला ऊठ हे त्यांच्या अंगाला जमत नाही, आळस म्हणून नव्हे. पण सिगिरिया सकाळी लवकरच चढायला हवं. आपला उन्हाळा कोरडा, तिकडचा घामट, दहानंतर त्या कातळावर जीव नकोसा होतो. तर आधीच जाहीर करा: चौदा दिवसांत तीन पहाटा आमच्या, बाकी सगळ्या तुमच्या. आणि त्या तीनच ठेवा. बाकीच्या दिवशी तुम्ही दोघं सकाळी चहा घेऊन फिरून या, लेकरं दहाला उठतील. तुमच्या पत्रात घरातल्या प्रत्येकाला काय बघायचंय ते आहे, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनासुद्धा. तुम्हाला काय हवंय ते नाही. ते कदाचित त्या सकाळीच सापडेल.

खोल्या दोन घ्या. चौघं एका खोलीत स्वस्त पडतं, पण सोळाच्या मुलीला कपडे बदलायला रोज न्हाणीघरात कोंडून घ्यावं लागतं. एकीत तुम्ही आणि ती, दुसरीत बाप-लेक, म्हणजे अबोलाही अवघडणार नाही. पॅडची पिशवी तिच्या पाठीवरच्या बॅगेत, टपावर नाही. आणि समुद्राच्या दिवसांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या शेजारणीला विचारून देऊ नका. तीन रात्री एका ठिकाणी असाल तर पोहायचा दिवस इकडचा तिकडे करता येतो. मुक्काम कमी ठेवायचा हा फायदा कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नसतो.

पोहण्यावरून आठवलं. विहिरीत सूर मारता येणं आणि समुद्र यांचा संबंध नाही. आपली पोरं पाणी दिसलं की वेडी होतात, त्यांचा दोष नाही. लाल झेंडा असेल तिथे पाय भिजवायलाही नको. त्रिंकोमालीजवळ पिजन आयलंडला प्रवाळ बघायला होडीने नेतात, तिथे जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय उतरायचं नाही, यजमानांनीसुद्धा.

तसंच रेल्वेच्या दाराचं. कँडी ते एल्ला हा रेल्वेमार्ग चहाच्या मळ्यांतून जातो आणि प्रत्येकाला दारात लटकून रील करायचं असतं. त्यात परदेशी पर्यटक पडून मेलेत. मुलांना हे घरीच सांगा, गाडीत सांगितलं तर ऐकणार नाहीत. पूर्ण प्रवास सहा-सात तासांचा आहे. तिसऱ्या तासाला मळे संपत नाहीत पण लेकरांचा उत्साह संपतो. मी नानुओया ते एल्ला एवढाच टप्पा सुचवेन, अडीच-तीन तास. कँडीहून गाडीने नुवारा एलियाला जा, तिथून पुढे थोड्याच अंतरावर सीता एलियाला सीता अम्मनचं देऊळ आहे, ओढ्याकाठी. तीच अशोकवाटिका म्हणून दाखवतात. सासूबाईंना तिथूनच व्हिडिओ कॉल लावा. घड्याळ आपलंच आहे, वेळेत फरक नाही, त्यामुळे त्यांची दुपारची झोप चुकवा. मग नानुओयाला रेल्वेत बसा आणि ड्रायव्हर बॅगा घेऊन रस्त्याने एल्लाला येईल. पावसाळ्यात दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, तेव्हा निघायच्या आठवड्यात सुरू आहे का हे विचारून घ्या. एल्लाजवळ डेमोदरचा नऊ कमानींचा पूल आहे. तो बघायला सगळं जग येतं, तुम्हीही जा, पण धाकट्याला तिथल्यापेक्षा उडावलवेची हत्तीची पिल्लं जास्त आवडतील असा माझा अंदाज आहे. अनाथ पिल्लांना वाढवून परत जंगलात सोडतात. ठरलेल्या वेळी ती ओळीने दुधासाठी पळत येतात आणि एकमेकांना ढकलतात. वाढदिवसाच्या पंगतीत बसलेली लेकरं जशी.

दीर म्हणतात त्या टूरचं काय? टूर वाईट नसते. सासूबाई येणार असत्या तर मीच म्हटलं असतं, टूर घ्या. उचलून ठेवायला माणसं असतात, जेवण आपलं मिळतं. पण पाचची घंटा, चाळीस माणसांची बस आणि दर दोन तासांना "चला, चला, सगळे आले का" हे वयात आलेल्या मुलांना शाळेसारखं वाटतं. मधला मार्ग म्हणजे पूर्ण प्रवासासाठी एकच ड्रायव्हर आणि व्हॅन. तिकडे ही पद्धत रुळलेली आहे, बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरच्या झोपायचीही सोय असते. ठरवताना रोजचे किलोमीटर, पेट्रोल, त्याचं जेवण कुणाकडे हे लेखी घ्या. आणि तो ज्या मसाल्याच्या बागेत किंवा रत्नांच्या दुकानात "पाचच मिनिटं" म्हणून नेईल तिथे नाही म्हणायला आतापासून शिका. तुमच्या लेकीला ते चांगलं जमतं, तिला पुढे करा.

खाण्याची धास्ती तुम्ही लिहिली नाहीत, पण बॅगेत किती धपाटे बसतील याचा विचार मनात चालू असणार. दोन दिवसांच्या दशम्या आणि शेंगाची चटणी घ्या, जास्त नको. तिकडचं रोजचं जेवण भात आणि चार-पाच भाज्या, डाळ नारळाच्या दुधातली, फणसाची भाजी. आप्पे नव्हेत पण आप्पम जातीचे आप्प, शेवयांसारखे इंडिआप्प. शाकाहारी असाल तर एकाच गोष्टीला जपा: खोबऱ्याच्या चटणीत, पोल सांबोल म्हणतात तिला, सुकवलेल्या माशाचा चुरा घालायची पद्धत आहे. दिसत नाही. त्याला उंबलकड म्हणतात, हा शब्द पाठ करून जा आणि "नको" म्हणा. त्रिंकोमालीत तमिळ शाकाहारी खानावळी भेटतील, तिथे निर्धास्त बसा. आणि रस्त्याच्या कडेला मातीची गाडगी मांडलेली दिसली की गाडी थांबवा. म्हशीचं दही, वर कित्तुल माडाची काकवी. दही चमच्याने कापावं लागतं, इतकं घट्ट. तुमच्या उरलेल्या धपाट्यांची सोय झाली.

कागदपत्रं लवकर धरा. मुलांच्या पासपोर्टला आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागतं, आणि आधार, जन्मदाखला, शाळेचा दाखला यांत नाव किंवा तारीख वेगळी असली की महिना जातो. आधी ते जुळवा. पासपोर्टची निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. श्रीलंकेची प्रवेशपरवानगी ऑनलाइन निघते; तिचे नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून सरकारी संकेतस्थळावर बघा, दलालाच्या नाही. सिगिरियासारख्या ठिकाणी परदेशी माणसाला तिकीट जड जातं, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलत असते; पासपोर्ट खोलीवर विसरू नका. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले, टोपी-चपला बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं तिथे अपमान समजतात. धाकट्याला हे दोनदा सांगा.

पैशाचं एक काम मुलांकडे द्या. आपल्या एका रुपयाला तिकडचे तीनाहून जास्त मिळतात, तो गुणाकार-भागाकार आठवीतला मुलगा करेल. २०२४ च्या फेब्रुवारीपासून आपलं यूपीआय तिथे सुरू झालंय, सगळीकडे नाही, पण दुकानांत बऱ्यापैकी. रोजच्या जेवणाचा आणि टुकटुकचा खर्च दोघांच्या हाती सोपवा. वाचेल ते त्यांचं. वायफायचा प्रश्न मिटेल, कारण धाकटा विमानतळावर स्वतःच सिम घेईल आणि डेटा पुरवून वापरेल.

राहिली रेल्वे. तिचं आरक्षण प्रवासाच्या तीस दिवस आधी उघडतं आणि खिडकीच्या जागा बघता बघता जातात. मोबाईलवर झटपट बुकिंग करणारं तुमच्या घरात एकच माणूस आहे, आणि तिच्याशी तिच्या वडिलांचा अबोला आहे. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनाच तिच्या खोलीत पाठवा.